ओझे गेले, हमीही पातळ झाली

आकड्याने पोती ओढणारी टोळी गोदीतून जवळपास नाहीशी झाली. क्रेन वीस फुटी पेटीचे चारही कोपरे पकडते, केबिनमधला एकटा चालक ती उचलतो. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले तेच मुख्यतः कंटेनरच्या हिशेबाने. कष्ट घटले, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. रास्त आहे, कंबरडे मोडणारे काम कुणालाच परत नको. पण १९४८च्या कायद्याने गोदी कामगारांची नोंदणी आणि बिनकामाच्या दिवशीही किमान वेतनाची सोय केली होती. १९९७च्या कायद्याने मोठ्या बंदरांना त्यातून वगळण्याची वाट मोकळी केली. जुन्या नोंदणीकृतांच्या सेवाशर्ती जपल्या गेल्या (तेही थोडके नव्हे). मागाहून कंत्राटावर आलेल्यांना मात्र ते छत्र नाही. हा निर्णय क्रेनचा नव्हता.