कुतूहल : बिअरचा मोठा घाणा

अमेरिकेत घरच्या घरी बिअर करणाऱ्यांचा नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा. तो वाढवायचा तर माल्ट, पाणी, हॉप्स त्याच पटीत घेतले की झालं, असं वाटतं. पण भांडं सर्व बाजूंनी दुप्पट केलं की आतला द्रव आठपट होतो, पृष्ठभाग मात्र चौपटच. पंगतीच्या हंड्यातला भात उशिरापर्यंत गरम राहतो तो यामुळेच. माल्ट भिजवताना हे पथ्यावर पडतं : ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब टिकते, स्टार्चची साखर होते. उकळल्यानंतर मात्र तेच नडतं. प्रमाण तेच, मग चव का बदलावी? कारण आच बंद केल्यावरही, द्रव निवेपर्यंत, हॉप्सचा कडवटपणा उतरतच राहतो. तेव्हा घाण्याआधी थंड करण्याची सोय वाढवा.