बायोडाटा लिहिताना आधी नाव तपासा

बायोडाटात आपल्या मुलांची पहिली चूक नावातच होते. दहावीच्या मार्कशीटवर शेख मोहम्मद आसिफ, आधारवर मोहम्मद आसिफ शेख आणि बायोडाटात नुसतं आसिफ शेख. इंग्रजीत तर कुठे मोहम्मद पूर्ण, कुठे फक्त ‘एम-डी’. मुलाखतीत हे खपतं, कागद तपासताना अडतं. म्हणून मार्कशीटवरचंच नाव त्याच स्पेलिंगने लिहा. आधारवर वेगळं असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करा, पण नीट बघून. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं.

सायबर कॅफेवाले कधी कधी लग्नाच्या बायोडाटाचाच साचा देतात! उंची, रंग, भाऊ-बहिणी किती, याच्याशी कंपनीला काय करायचंय? ती जागा कामाला द्या. ‘टॅली येतं’ एवढ्यावर थांबू नका. वडिलांच्या दुकानाची जीएसटीची बिलं वर्षभर तुम्ही केली असतील तर तसं लिहा. पगार मिळाला नाही तरी तो अनुभवच आहे.

उर्दू माध्यम लपवू नका. कोणती भाषा बोलता, कोणती लिहिता-वाचता, ते वेगवेगळं नोंदवा. बँकेत, दवाखान्यात उर्दू-मराठी दोन्ही येणारा माणूस कामाचा असतो. आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या, अब्बूंचा नको. कंपनीचा फोन येतो तेव्हा ते कामावर असतात.