बाहुलीच्या आत बाहुली

तारुण्यातील मैत्रीवर चित्रपट काढणे त्या मानाने सोपे असते. त्या मित्रांचे पुढे काय झाले, हे सांगणे अवघड. पहिल्या भागात वेळ मुबलक असतो, खिसा रिकामा असतो आणि चुका क्षम्य ठरतात. दुसऱ्या भागात तिशी उजाडलेली असते, चुकांची किंमत मोजावी लागते आणि ‘आता पुढे काय?’ हा आई-वडिलांचा प्रश्न आपलाच होऊन बसलेला असतो. फ्रेंच दिग्दर्शक सेद्रिक क्लापिश यांनी २००५ साली हे अवघड काम हाती घेतले. त्यांच्या ‘ले पुपे र्‍यूस’, म्हणजे ‘रशियन बाहुल्या’, या चित्रपटाची ओळख येथे करून द्यावयाची आहे. कथा परदेशी असली, तरी दोन भाषांच्या उंबरठ्यावर पिढ्यानुपिढ्या संसार मांडलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना ती परकी वाटणार नाही.

या कथेचा पूर्वार्ध २००२ च्या ‘लोबेर्ज एस्पान्योल’ या चित्रपटात आहे. या शब्दांचा अर्थ ‘स्पॅनिश धर्मशाळा’. जेथे आपण सोबत नेऊ तेवढेच पदरात पडते, अशा जागेला फ्रेंच भाषेत हा वाक्प्रचार वापरतात. युरोपात १९८७ पासून विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठात शिकण्याची सोय करून देणारी ‘इरॅस्मस’ नावाची योजना सुरू झाली. तिच्या आधारे झाव्हिए हा पॅरिसचा तरुण बार्सिलोनाला येतो आणि सात देशांची सात मुले-मुली एका घरात राहू लागतात. एका प्रसंगी प्राध्यापक वर्गात कॅटलान भाषेतून शिकवीत असतात. परदेशी विद्यार्थिनी स्पॅनिशमधून शिकविण्याची विनंती करते; प्राध्यापक ती साफ नाकारतात. सीमाभागातील वाचकाला या प्रसंगाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

उत्तरार्धात काही वर्षे लोटली आहेत. लेखक होण्याचे स्वप्न उराशी बाळगणारा झाव्हिए (रोमँ द्युरिस) आता दूरचित्रवाणीसाठी गुळगुळीत प्रेमकथा लिहितो आणि प्रसिद्ध व्यक्तींची आत्मचरित्रे पडद्याआडून लिहून देतो. दुसऱ्यांच्या प्रेमाचा शेवट गोड करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या प्रेमाचा आरंभही नीट साधत नाही. पूर्वीची प्रेयसी मार्तीन आता केवळ मैत्रीण उरली आहे. बार्सिलोनाच्या घरातील इंग्रज मैत्रीण वेंडी (केली रायली) लेखनात त्याची सहकारी होते आणि दोघांत प्रेम अंकुरते. तेवढ्यात सेलिया नावाची रूपवती त्याच्यासमोर येते, आणि त्याचे मन पुन्हा डगमगते.

चित्रपटाचे नाव येथे उलगडते. रशियन लाकडी बाहुली उघडली की आत दुसरी, तिच्या आत तिसरी. झाव्हिएच्या मनातील शंका हीच, की हाती आलेली बाहुली शेवटची की आत आणखी एखादी आहे? सेंट पीटर्सबर्गमध्ये वास्तुविशारद रोस्सी यांच्या नावाचा एक रस्ता आहे. रुंदी २२ मीटर, दुतर्फा इमारतींची उंची २२ मीटर आणि लांबी २२० मीटर. प्रमाणबद्धतेचा हा आदर्शच. झाव्हिएला प्रेमही असेच आखीव हवे आहे. उलट वेंडी रेल्वे स्थानकावर त्याला सांगते, की तिचे प्रेम त्याच्या उणिवांसकट आहे. हे ऐकूनही तो सेलियाकडे जातो, आणि पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप करावा लागतो.

परंतु माझ्या मते या चित्रपटाचा खरा नायक दुसराच आहे. वेंडीचा भाऊ विल्यम पूर्वार्धात सर्वांच्या डोक्याला ताप झाला होता. जर्मन मुलासमोर हिटलरची नक्कल करावी, प्रत्येक देशाच्या माणसाला एकेक ठरीव विशेषण चिकटवावे, ही त्याची विनोदबुद्धी. हाच विल्यम नताशा या रशियन नर्तिकेच्या प्रेमात पडतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तेव्हा तो वर्षभर बसून रशियन शिकतो आणि तिला शोधीत सेंट पीटर्सबर्ग गाठतो. त्यांच्या लग्नासाठीच बार्सिलोनाचे जुने मित्र पुन्हा एकत्र येतात. आदर्श सखी शोधणारा बुद्धिमान झाव्हिए भटकत राहतो. ज्याला सर्वांनी खुळा ठरविले, तो व्याकरणाचे पुस्तक उघडून प्रौढ होतो. प्रेम ही सापडण्याची वस्तू नसून शिकण्याची विद्या आहे, हे क्लापिश यांनी उपदेशाचा सूर न लावता सांगितले आहे.

आणि ती विद्या एकदा शिकून भागत नाही. २०१३ च्या ‘कास-तेत शिन्वा’ या तिसऱ्या भागात झाव्हिए चाळिशीत आहे. वेंडीशी त्याचा संसार मोडला आहे, आणि दोन मुलांच्या ओढीने तो न्यूयॉर्कला जातो. पुढे २०२३ मध्ये त्या मुलांचीही कथा दूरचित्रवाणी मालिकेच्या रूपाने आली.

आपल्या घरांतील तरुण मंडळी आज बडोद्याहून बंगळूरला, इंदूरहून हैदराबादला शिकावयास जातात. तेथे त्यांच्या मैत्री जुळतात आणि कधी त्यातूनच विवाहही. घरात परभाषक सून आली, की तिला ‘अहो आई’ म्हणावयास शिकविण्याची आपल्याला केवढी घाई! ती चार वाक्ये मराठीत बोलली, की आपण पाहुण्यांसमोर कौतुक करतो. ते योग्यच. पण तिच्या माहेरची भाषा शिकावयास आपल्या घरातून कोण बसले? मुलगा बसला का? सासूबाई बसल्या का? पिढ्यानुपिढ्या बाजारासाठी आणि कचेरीसाठी आपण कानडी, गुजराती, हिंदी, तेलुगू शिकलो. ती पोटाची गरज होती. सुनेच्या आईशी तिच्याच भाषेत दोन शब्द बोलता यावेत म्हणून शिकणे, ही मनाची गरज आहे. विल्यमने त्यासाठी एक वर्ष दिले. आपल्यालाही तेवढे देणे अशक्य नाही.