मुद्दाम दुबळी केलेली रायफल

जुनी ली-एनफिल्ड रायफल समोर आली, तर आधी नळीत डोकावून पाहावं. मूळ .३०३ रायफलीच्या नळीत सहसा पाच पेचदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, आणि फिरत्या भोवऱ्यासारखी गोळी तोल न सोडता सरळ जाते. पण काही रायफलींची नळी आतून गुळगुळीत असते आणि जिथे दहा काडतुसं बसायची, तिथे लाकडाचा ठोकळा ठोकलेला असतो. चांगलं हत्यार असं बिघडवलं कुणी?

ते सरकारनेच केलं. ब्रिटिश काळात पोलिसांसाठी अशा रायफलींच्या ‘.४१०’ मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुका, केल्या गेल्या. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत लेथवर उभा राहणाऱ्याला हे लगेच उमजेल: ७.७ मिलिमीटरची नळी बोअरिंग करून सुमारे १०.४ मिलिमीटर केली, की खाचा गेल्या. काडतूस मात्र .३०३ च्याच घराण्यातलं, फक्त पुढची निमुळती मान नसलेलं, त्यामुळे बोल्ट बदलावा लागला नाही. फिरकी गेल्याने लांबचा नेम गेला. ठोकळ्यामुळे प्रत्येक बारानंतर हाताने भरणं आलं. पोलिसाकडची बंदूक हिसकावली गेली, तरी ती फौजेच्या रायफलीपुढे टिकू नये, हा त्यामागचा हिशेब मला स्पष्ट दिसतो. १८५७ च्या उठावानंतरही हिंदी शिपायांना खाचा काढलेल्या एनफिल्ड दिल्या गेल्या होत्या.

मात्र दुबळी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. जवळून ती जीव घेतेच. पोलिसाच्या हाती किती ताकद द्यावी, हा प्रश्न पालघरला फार जवळचा आहे: १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर इथे गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले.

सगळेच बदल ताकद काढणारे नसतात. पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली दिसली, तर त्या रायफलीतून हातबॉम्ब उडवले जात. त्या जबर धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून ही तार. आणि काडतुसांची पेटी चौकोनी, बारा गोळ्यांची असेल, तर ती चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या रायफल कारखान्यात अधिक मजबूत पोलादात घडवलेली ७.६२ मिलिमीटरची रायफल. तिच्या पहिल्या नमुन्यावर नेम धरायच्या पट्टीवर अंतराचे आकडे २००० पर्यंत होते. पुढच्या नमुन्यात ते ८०० वर आणले, कारण त्यापलीकडे एकट्या शिपायाने रायफलीने अचूक नेम साधणं जवळजवळ अशक्यच.