नोकरीत अपंगत्व आले? आधी अर्ज, राजीनामा नको

काशीदच्या रिसॉर्टांत, मुरूडच्या शाळा-कचेऱ्यांत आपली पुष्कळ माणसे नोकरी करतात. कुणाचा पाय अधू झाला, कुणाची नजर गेली, की घरचेच म्हणतात, "आता बस झालं, राजीनामा दे." थांबा, आधी कायदा पाहा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. त्याच्या कलम २० नुसार सरकारी कार्यालयाने दिव्यांग कर्मचाऱ्याला कामासाठी लागणारी वाजवी सोय द्यायची असते. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून त्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते.

खासगी मालकाला हे कलम लागू नाही. पण कलम २१ प्रमाणे त्यालाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते. २० किंवा जास्त कामगार असतील, तर दिव्यांगांना कोणत्या सोयी मिळतील हे त्यात लिहावे लागते. ते मागून वाचा.

अर्ज साधा ठेवा. कोणते काम अडते आणि काय हवे, एवढेच लिहा: तळमजल्यावरचा वर्ग, बसून करायचे काम, मोठ्या अक्षरांतले कागद. सोबत यूडीआयडी कार्डाची किंवा दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडा. ते काढायला अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. अर्जाची पोच जरूर घ्या. दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अर्जात मेहरबानी मागू नका. काम करायचे आहे म्हणूनच सोय मागतोय, हे स्पष्ट लिहा.