महाविद्यालयातील सहाध्यायी आणि उतारवयातील आरोग्य

ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

सेवानिवृत्तीच्या दिवशी सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून सारा दिनक्रम पालटतो. कार्यालयातील सहकारी, रोजची ठरलेली गाडी, दुपारच्या डब्याची सोबत हे सारे एकाच वेळी थांबते. पुढे मुले नोकरीनिमित्त दूर जातात, गुडघे व दृष्टी पूर्वीसारखी साथ देत नाहीत, कधी जोडीदाराचा वियोग सोसावा लागतो. अशा वेळी पद किंवा वेतन यांवर कधीच अवलंबून नसलेली नाती मोलाची ठरतात. महाविद्यालयातील सहाध्यायांचे नाते हे त्यांपैकी एक होय. १९७५ च्या सुमारास पदवी घेतलेले विद्यार्थी आज सत्तरीत आहेत. कोणी पुण्यात, कोणी इंदूर किंवा बडोद्यात, कोणी परदेशी मुलांकडे, तर कोणी आपल्या मूळ गावी परतलेले असतील. हा स्नेह जपणे ही केवळ विरंगुळ्याची बाब नसून आरोग्यरक्षणाचाही एक भाग आहे.

स्नेहसंबंधांचा आरोग्याशी काय संबंध?

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची अभ्यासाच्या कालावधीत हयात राहण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या कारणांमध्ये तज्ज्ञांनी एकाकीपणे जगणे आणि उपचार न केलेला बहिरेपणा या दोहोंचा समावेश केला आहे.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. ज्याची कोणी वाट पाहत असते, तो माणूस वेळेवर उठतो, नीट जेवतो, फिरावयास जातो आणि दुखणे अंगावर काढत नाही. संभाषण करताना ऐकणे, आठवणे, शब्द शोधणे व उत्तर देणे या साऱ्या क्रिया एकाच वेळी घडतात. मात्र स्नेहसंबंध हा औषधोपचारांना पर्याय नाही, हेही लक्षात ठेवावे.

सहाध्यायी काय ओळखू शकतो?

घरातील माणसे आपल्याला रोज पाहतात, त्यामुळे हळूहळू होणारा बदल त्यांच्या नजरेतून निसटू शकतो. ज्याने आपला आवाज पन्नास वर्षे ऐकला आहे आणि जो महिन्यातून एकदा बोलतो, त्याला तो फरक चटकन जाणवतो. दूरध्वनीवर पुढील गोष्टी लक्षात आल्यास त्या दुर्लक्षू नयेत.

• एकाच संभाषणात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकल्याचे सांगणे, नेहमीचे हिशेब न जमणे. एखाद्या वर्गमित्राचे नाव क्षणभर न आठवणे व थोड्या वेळाने आठवणे हे वयोमानानुसार स्वाभाविक आहे. वरील लक्षणे तशी नाहीत.

• एके काळी ज्या विषयांवर तासन्‌तास बोलणे होई त्यांत रस न उरणे, झोप व भूक मंदावणे, “आता कशासाठी जगायचे” असे उद्गार येणे.

• बोलता बोलता अचानक जीभ जड होणे, शब्द अडखळणे. चेहरा एका बाजूस वाकडा होणे किंवा एका हातातील बळ जाणे यांप्रमाणेच हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून त्याच क्षणी त्यांच्या घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना कळवून रुग्णास रुग्णालयात नेण्यास सांगावे.

स्मरणशक्तीतील प्रत्येक बिघाड हा स्मृतिभ्रंशच असतो असे नाही. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचा परिणाम यांमुळेही असे घडते व त्यांवर उपचार आहेत. आपली शंका त्या व्यक्तीच्या कुटुंबीयांना खासगीत सांगावी. वर्गाच्या गटात तिची चर्चा करू नये.

गटातून शांत झालेला सहाध्यायी

बहुतेक वर्गांचा आज मोबाइलवर गट असतो. त्यात रोज सकाळी शुभेच्छांचे संदेश येतात आणि सारे काही ठीक आहे असा समज होतो. परंतु पुढे पाठवलेला संदेश म्हणजे विचारपूस नव्हे. गटात जो बोलत असतो त्याच्यापेक्षा जो बोलेनासा झाला आहे, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

त्याच्या मौनामागे अनेक कारणे असू शकतात. ऐकू कमी येऊ लागल्याने तो एकत्रित संभाषण टाळत असेल. पत्नी अंथरुणास खिळलेली असल्याने त्याला घराबाहेर पडता येत नसेल. स्नेहसंमेलनाची वर्गणी परवडत नसेल आणि तसे सांगण्याचा संकोच वाटत असेल. समवयस्कांच्या निधनाच्या वार्ता एकापाठोपाठ वाचून मन खचले असेल.

दोन-तीन आठवडे कोणाचा काही मागमूस नसेल, तर गटात विचारणा करण्याऐवजी स्वतः दूरध्वनी करावा. “कार्यक्रमाला का आला नाहीस?” या प्रश्नाने समोरची व्यक्ती आक्रसते. “तुझी आठवण झाली, आवाज ऐकावासा वाटला,” एवढे म्हटल्याने बोलणे सुरू होते. पुढील पाच मिनिटे केवळ ऐकावे. जीवन संपवण्याची भाषा कानी आल्यास ती थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीस एकटे राहू देऊ नये आणि तत्काळ साहाय्य मिळवून द्यावे.

संपर्क टिकवण्यासाठी काय करावे?

• दोन-दोन जणांच्या जोड्या ठरवाव्यात व आठवड्यातून एक दिवस बोलण्यासाठी निश्चित करावा. “कधीतरी बोलू” असे म्हटलेले बोलणे बहुधा राहून जाते.

• प्रत्येकाच्या घरातील एका व्यक्तीचा व एका शेजाऱ्याचा क्रमांक, तसेच राहत्या घराचा पत्ता संमतीने नोंदवून ठेवावा.

• विवाहानंतर आडनाव व गाव बदलल्यामुळे अनेक मैत्रिणींचा संपर्क तुटलेला असतो. त्यांना माहेरच्या नावाने, नातलगांमार्फत शोधावे. त्यांना पुन्हा वर्गात आणण्यास उशीर झाला, असे मानू नये.

• संमेलन दिवसा, तळमजल्यावर किंवा उद्वाहन असलेल्या शांत जागी ठेवावे. जेवणाची वेळ पाळावी, कारण मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर उपाशीपणामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वर्गणी ऐच्छिक असावी. प्रत्येकाने आपली औषधे व त्यांची यादी जवळ बाळगावी.

• ऐकू कमी येत असल्यास कानांची तपासणी करून घ्यावी. श्रवणयंत्र वापरणे हे चष्मा वापरण्याइतकेच साधे आहे.

• गटात आलेले घरगुती उपाय वाचून रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकाराची औषधे बंद करू नयेत.

• मित्राच्या नावाने अचानक पैशांची मागणी आल्यास आपल्याकडील जुन्या क्रमांकावर त्याच्याशी प्रत्यक्ष बोलल्याखेरीज पैसे पाठवू नयेत.

कुटुंबीयांसाठी

आजी-आजोबांच्या दूरध्वनीवरील दीर्घ गप्पांना वेळेचा अपव्यय मानू नये. त्यांना मोबाइल वापरण्यास शांतपणे शिकवावे, संमेलनास नेऊन पोहोचवावे. वर्गमित्राच्या निधनाची वार्ता आल्यास “वय झालेच होते” असे म्हणून विषय संपवू नये. त्यांना त्याच्याविषयी बोलू द्यावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

साहाय्यासाठी

मानसिक आरोग्यविषयक मोफत समुपदेशन, टेली मानस : १४४१६ (२४ तास, मराठीतही उपलब्ध)
ज्येष्ठ नागरिक साहाय्यवाणी, एल्डरलाइन : १४५६७
आपत्कालीन साहाय्य : ११२
सायबर आर्थिक फसवणुकीची तक्रार : १९३०
रक्तदाब, मधुमेह व इतर तपासण्यांसाठी नजीकच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा शासकीय रुग्णालयात जावे.

हे पत्रक वाचताना ज्या सहाध्यायाचे नाव आपल्या मनात आले, त्याला किंवा तिला आजच दूरध्वनी करा.