नोज, नासिका आणि आपलं नाक

नाशकात एक दावा हमखास ऐकू येतो. शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून गाव नासिक, आणि तोच शब्द पुढे युरोपात जाऊन ‘नोज’ झाला! ऐकायला मस्त आहे. पण संशोधनाकडे वळणार असाल तर त्यातले दावे आधी सुटे करा.

नातं खरंच आहे. इंग्रजीत नोज (जुन्या इंग्रजीत ‘नोसु’), जर्मनमध्ये नाझं, स्वीडिशमध्ये नेसा, लॅटिनमध्ये नासुस, संस्कृतात नासा. इंग्रजी ‘नॉस्ट्रिल’ म्हणजे तर सरळ नाक अधिक भोक. पण नातं आहे म्हणजे शब्द इथून तिथे गेला असं नाही. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कोलकात्यात मांडलं ते हेच: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि ती आता कदाचित उरलेली नाही. म्हणजे बहिणी, आई-मुलगी नव्हे.

गंमत म्हणजे ‘नोज’ हा यातला कच्चा पुरावा. तो फार सारखा दिसतो! पक्का पुरावा नियमित फरकात असतो. पाद–फूट, पितृ–फादर: संस्कृत-लॅटिनमध्ये ‘प’ असतो तिथे जर्मानिक भाषांत ‘फ’ येतो, एकदा नाही, शब्दामागून शब्द. ग्रिमने 1822 मध्ये हा नियम मांडला. ‘न’ आणि ‘स’ त्या नियमात येतच नाहीत, म्हणून नाकावरून काही तपासता येत नाही.

आता खरी अडचण, आपल्याच घरातली. ‘नासिका’चं ‘नाक’ झालं असं आपण धरून चालतो. पण हत्थ–हात, सत्त–सात, कम्म–काम बघा. प्राकृतातलं जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. त्या हिशेबाने नाकाच्या मागे ‘णक्क’ हवा, आणि प्राकृतात तो आहेच. ‘नासिका’तला ‘क’ मात्र एकटा, दोन स्वरांमधला. असा ‘क’ प्राकृतात गळतो: लोक–लोअ. म्हणून टर्नरच्या कोशात ‘नक्क’ हे मूळ रूप तारांकित, म्हणजे अनुमानाने बांधलेलं आहे. थोडक्यात, इंग्रजांच्या नोजची वंशावळ आपल्या नाकापेक्षा स्वच्छ आहे!

मग गावाच्या नावात ‘क’ कसा राहिला? गावांची नावं लेखांत, पोथ्यांत जपली जातात. रोजच्या बोलीतल्या शब्दाचा नियम त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. पांडवलेण्यांतल्या 19 क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कण्हाच्या काळचा लेख आहे. त्यात ते लेणं करवणारा अधिकारी ‘नासिक’चा म्हटलाय. गावाचं नाव दोन हजार वर्षं जुनं आहे एवढं त्यावरून कळतं. कुणाचं नाक कापलं, हे तो लेख सांगत नाही.